कामठीहून प्रयागबाई बोलून राहिली

— नाही नाही काका, आता गंमत नका करू. हे हात जोडणं, ओठावर बोट ठेवणं, कळलं मले, भारी केलं तुम्ही, पण आता बोला. एक शब्द. नुसतं 'हाव' म्हणा. आवाज चेक कराचा आहे, माइकसमोर खोकले तरी चालते. — खोकणारबी नाही? — काका, घड्याळाकडे पाहा जरा, आता लाल लाइट लागन. रितिका मॅडम काचेच्या तिकडं बसलीच आहे, पाहून राहिली आपल्याकडे, हसा तिच्याकडे पाहून — हाव, असं — मौनात हसता येते ना? बरं झालं. मॅडमच्या या रेडिओ कार्यक्रमाचं नाव काय आहे, मनोहरराव? 'या, बसा, बोला'. तं तुम्ही आले, बसले, दोन कामं झाली, तिसऱ्यासाठीच तं तुमाले बोलावलं ना बाप्पा!

अन् परवा फोनवर कसे घडाघडा बोलले! मौनाचे फायदे सांगून राहिले — पचन सुधारते, भांडण होत नाही, शेजारी बिचकून राहतात — माह्या कानाले मोबाइल गरम झाला, मधात 'हं' म्हणाले जागा नाही देल्ली तुम्ही. शेवटी म्हणे, 'बायको गेली, घरात बोलाले कोणी राहिलं नाही, तं म्हटलं याले मौनच म्हणावं' — मी हसलो, मले वाटलं जोक आहे — अन् मंग विचारलं, 'कार्यक्रमात लोकाइचे रोजचे फोन येतात ना, वाडीचा, कामठीचा?' मी म्हटलं, येतात म्हणजे काय, येतातच. फोन ठेवला अन् धावत जाऊन मॅडमले सांगितलं, पाहुणा सापडला, प्रताप नगरचे मनोहरराव, मौनावर इतकं बोलणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नाही. — काय? खिडकी? खिडकी उघडू? नाही? ऊन? — सूर्य! सूर्य वर... सूर्य खाली गेला... तोंड उघडलं... अरे देवा. फोन मी संध्याकाळी केला होता. म्हणजे तुमचं मौन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, अन् कार्यक्रम आपला सकाळचा. — मंग तेव्हा काहून नाही सांगितलं? — मी विचारलं नाही. बरोबर आहे. मौनवाल्या माणसाले बोलवून राहिलो अन् मौन कधी असते हेच विचारलं नाही. — पण तुमाले तं माहीत होतं ना काका, का इथं बोलता येणार नाही? मंग आले काहून? — पिशवी? पिशवीत काय? डबा? बरं, नाश्त्याचं मंग पाहू.

तुमाले वाटत असन, या दुर्गेशले काम समजत नाही. समजते. पण रोज एक पाहुणा लागते काका, रोज, भाजीसारखा ताजा, कुठून आणाचा? जादूगार आणला मी. आता जादूगारानं रेडिओवर काय करावं? त्यानं कोटातून कबूतर काढलं, मॅडम म्हणाली 'वा!', ऐकणाऱ्याले काय ऐकू आलं? 'वा'. मंग झोपेचा डॉक्टर आणला, झोप न येणाऱ्याइसाठी — तो इतकं हळू, इतकं गोड बोलला का आमचा मशीनवाला झोपला, जाहिराती लागल्याच नाही. सावजीवाले ओमप्रकाशभाऊ आणले — चटकदार माणूस, मी म्हटलं आज रंगते. मॅडमनं विचारलं, रश्श्यात काय टाकता? 'ते सांगत नसतो.' बरं, मसाला भाजता कसा? 'ते सांगत नसतो.' बरं, सावजी इतकं तिखट काहून असते? 'ते तं अजिबातच सांगत नसतो.' अर्धा तास! अन् मागच्या हप्त्यात तो मारबतीच्या मिरवणुकीत घोषणा देणारा — मीच म्हटलं, भाऊ, एक नमुना होऊन जाऊ द्या. झाला. माइक गेला. खालच्या मजल्यावरचा दाताचा डॉक्टर पायऱ्या चढून वर आला, म्हणे तुमच्या पाहुण्याच्या आवाजानं दचकून माह्या पेशंटनं माह्या बोटाले चावलं.

हसू नका. म्हणजे हसा, मॅडम पाहून राहिली, पण आतून हसू नका. त्या दिवशी मॅडम मले म्हणाली, 'दुर्गेश, आता एकबी पाहुणा असा निघाला ना, तर तू दुसऱ्या दिवशी येऊ नकोस.' अन् मस्करीत नाही म्हणाली, मी ओळखतो तिचा आवाज. तिकडं माहे भाऊजी टपूनच बसले आहे, वाडीले त्याइचं ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे, रोज म्हणतात, ये ना बे, ट्रकमागं उभा राह्य, पोते चढवून घे. मले नाही पोते चढवाचे. मले इथं राहाचं आहे काका. माइकवर नाही तं नाही, माइकच्या बाजूले, पाहुण्याले पाणी देत, हा कूलर चालू-बंद करत. लाल लाइट लागला का कूलर बंद कराव लागते, नाही तं ऐकणाऱ्याइले वाटते आम्ही विमानातून बोलून राहिलो. ते सप्पा माह्याकडेच आहे. मले आवडते ते. अन् ते आता तुमच्या जिभेवर अडकलं आहे, हे ध्यानात घ्या.

बरं, असं करू. टिचकी मारता येते टेबलावर? मौनात टिचकी चालते का? — चालते! मंग झालं! एक टिचकी म्हणजे हाव, दोन म्हणजे नाही. मॅडम विचारन, मौनानं मन शांत होते का? — टक्. शाबास! मौनात राग येते का? — टक् टक्. वा काका, काय बोलले! — आता मॅडम विचारन, तर मनोहरराव, आपल्या बालपणाविषयी सांगा. — ... — हाव, इथं अडचण आहे.

मंग फोनवर भर देऊ. हाव, फोन! अर्धा कार्यक्रम तं श्रोत्याइच्या फोनवरच निघते. तिकडून कोणीतरी मौनावर लंबंचौडं बोलन, मॅडम तुमच्याकडे पाहीन, तुम्ही टक्, पुढचा फोन. फोन येतील, त्याची काळजी नको. — असे डोळे काहून करून राहिले? येतात हो! नाही कसे येणार, मीच तं करतो! — म्हणजे... — जाऊ द्या, निघालं तोंडातून. अन् तुम्ही कोणाले सांगणार? दिवेलागणीपर्यंत तं नाहीच सांगत.

ऐका मंग. पयल्या दिवशी काय झालं, मॅडमनं नंबर सांगितला, एकदा, दोनदा, सहादा, अन् फोन काही वाजेना. ती बोलून राहिली, हसून राहिली, 'वाट पाहते हं मी', अन् काचेतून मले दिसून राहिलं, तिचे डोळे भरून आले. मले पाहवलं नाही. मी संडासात गेलो, दार लावलं, अन् फोन लावला — 'हॅलो, वाडीहून बापूजी बोलून राहिलो!' तिचं तोंड असं फुललं काका, असं — नाही नाही, तसं काही नाही, ती मॅडम आहे, मी आपला दुर्गेश. कोणीबी केलं असतं. मंग बापूजी रोजचाच झाला. वाडीचा म्हटल्यावर मागं ट्रक पाहिजे, तं हॉर्नबी मी तोंडानंच वाजवतो. — पों पों! — शू, ऐकन ती.

पण बापूजी काहीच नाही. खरी हिट झाली आपली प्रयागबाई. कामठीची. मागाजवळचं घर, म्हणून मी बोलता बोलता बादलीवर मग्गा आपटतो, खटक खटक, हातमाग नाही, पॉवरलूम वाटाले पाहिजे. आवाज माह्या मोठ्या आईचा, थोडा नाकातून. विषय कोणताबी असो, प्रयागबाईकडे बोलाले आहे. जादूगाराले म्हणाली, 'माह्या शेजारणीले गायब करता का?' झोपेच्या डॉक्टरले म्हणाली, 'झोप येते हो, पण उठून करावं काय?' लोकं पानठेल्यावर सांगतात एकमेकाले, आज प्रयागबाई काय म्हणाली. मॅडम तं तिले स्टुडिओत बोलवणार होती सत्काराले. मी तिचे गुडघे दुखवले. आता कोणी नवीन विषय आला का मलेच उत्सुकता राहते, प्रयागबाई काय बोलन! — काका? काय झालं? पाणी देऊ? तोंड काहून उतरलं? कूलर इकडं करू?

थांबा, मघापासून कशाचा तरी मस्त वास येऊन राहिला. तुमच्या डब्याचाच आहे. पाहू? — जवसाची चटणी! अन् काय बारीक कुटली हो, पिठासारखी, एकबी दाणा लागत नाही हाताले. घेतो जराशी — अरे! हातावर काहून मारलं? माह्यासाठी नाही? बरं. मॅडमसाठी? तिच्यासाठीबी नाही? मंग इथं तिसरं कोण — फोन? फोनसाठी चटणी? फोनवाल्या... कोणत्या फोनवा—

जवसाची चटणी. प्रयागबाई म्हणाली होती. म्हणजे मीच — तो सावजीचा दिवस, ओमप्रकाशभाऊ काही सांगेना, कार्यक्रम मरून राहिला, तं मी प्रयागबाईच्या तोंडून काहीबाही फेकलं, का मले आता तिखट नको, मले जवसाची चटणी पाहिजे, पण दात नाही राहिले अन् घरात बारीक कुटून देणारं कोणी नाही. बोलाले कोणी नाही म्हणून रेडिओशी बोलते, म्हणाली. सुचलं ते बोललो काका. बादलीवर बसून बोललो. — तुम्ही कुटली? स्वतः? — म्हणून विचारलं तुम्ही, कामठीचा फोन येतो का म्हणून. बोलता येणार नाही हे माहीत असून आले. बोलासाठी आलेच नव्हते तुम्ही.

अन् मी काय सांगून राहिलो तुमाले. मग्गा. बादली. मोठ्या आईचा आवाज. — थू माह्या तोंडावर. मले लाज वाटून राहिली काका, खरंच वाटून राहिली. इतके दिवस वाटाचं, ऐकते कोण हा कार्यक्रम, मीच बोलतो अन् मीच फोन करतो. अन् प्रताप नगरात एक माणूस रोज रेडिओजवळ बसून... — कुठं चालले? नाही, उठू नका. पिशवी ठेवा ना खाली. पाहुण्याच्या खुर्चीतून असं उठून नाही जात कोणी! मॅडम पाहून राहिली. काका, माहं काम जाईन हो. — नाही, माह्या कामाचं सोडा, जाऊ द्या ते काम, मी जाईन वाडीले, पण तुम्ही असे नका जाऊ. असं तोंड घेऊन नका जाऊ. मी काय करू? काय करू सांगा! काय बोलू मी तुमच्याशी?

'...काहो मनोहरराव. निघाले का? मी कामठीहून प्रयागबाई बोलून राहिली. गुडघ्यानं हैराण आहो, नाही तं मीच आली असती वर. पण तुम्ही तं आले ना. माह्यासाठी इतकं करून आणलं, अन् न देताच चालले? बसा वं बाई — पाहा, सवयीनं 'बाई'च निघते — बसा हो. पायऱ्या चढून आले, दम तं खा.'

बसले. — डबा इकडं सरकवला तुम्ही? मले? म्हणजे तिले? खाऊ? — हं. — बारीक झाली हो मनोहरराव. कुठंच अडकत नाही. जराशी मिठाची कमी आहे, पण ते प्रयागबाईले ब्लडप्रेशर आहे, ते तिच्या हिशेबानं बरोबर आहे. — हसले! मॅडमसाठी नाही ना, खरोखरचे हसले ना?

आता लवकर सांगा, मॅडमनं हात वर केला, लाइट लागतेच आहे. सप्पा समजलं तुमाले. कोण आहे, कुठून बोलते, कशावर बसून बोलते. तरी फोन लावू? तुम्ही इथं चूप बसा, मॅडम विचारन, प्रयागबाई तिकडून सांगन मनोहरराव काय म्हणून राहिले, अन् चुकीचं बोलली तं तुम्ही टोका. पण मनातून सांगा. माह्या नोकरीसाठी नको. एक म्हणजे हाव, दोन म्हणजे नाही.

— टक्.

एक. — दुसरी? थांबतो मी. बोट तं उचललेलंच आहे तुमचं. — काका, दुसरी माराची असन तं आताच मारा. — कूलरच्या आवाजात ऐकू नाही आली तं घोटाळा होईन. बंद करतो.

चूप. दुसरी नाही. लाल लाइट.