त्या बोटीवर आळ नको

मंडळी, बसा. उठू नका कोणी. माईक जरा खाली घ्या रे, आधीचे साहेब उंच होते.

जमलेल्या सगळ्यांना हात जोडते. तिसगावचे पाहुणे पहाटेच निघून आलेत, आपली भिंगारची तर सगळी आळी आलीय. मी अनसूया, गेलेल्या दत्तूची थोरली वहिनी. आपल्याकडं दहाव्याला पुरुष बोलतात आणि बाया रडतात. माझं रडून झालं, म्हणून उभी राहिले. 

हातातल्या कागदाकडं बघू नका. काल नातीला सांगत गेले, तिनं लिहून घेतलं. मला अक्षर कळत नाही. पण बोलणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कागद दिसला, म्हटलं आपल्याही असावा. त्यात दत्तूचे चार चांगले गुण लिहिलेत. ते मी बोलणार नाही. सकाळी पिंडापाशी जे झालं, त्यानंतर ते बोलण्यात अर्थ राहिला नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा दत्तू चड्डीत होता आणि नाक पुसायला माझा पदर धरायचा. म्हणून त्याला अहो-जाहो मला कधी जमलं नाही. आमच्या घरात विहिरीत उतरायला घाबरणारा हा एकटा, आणि हाच नेव्हीत गेला. एकाहत्तरच्या लढाईत तो विमानं वाहणाऱ्या बोटीवर होता. आज इथं ऐकलं, की त्यानं विमानं उडवली, शत्रू बघितला, समुद्र गाजवला. अजून दोन वक्ते झाले असते तर त्यानं बोट खांद्यावर घेऊन पळवली असती.

खरं सांगू? लढाई चालू असताना त्यानं समुद्रच बघितला नाही. तो पार तळाला होता, बॉयलरपाशी. वर विमान उतरलं की डोक्यावर धाडकन आवाज व्हायचा, तेवढीच त्याची लढाई. दिवस का रात्र, कळायचं नाही. लढाई संपली हेसुद्धा वरून खाली आलेल्या कुणीतरी सांगितलं. हे त्यानं कधी लपवलं नाही. कुणी विचारलंच नाही, एवढंच.

तीच बोट तो म्हातारपणी घरात बांधत होता. तुम्ही सगळ्यांनी बघितलीय. खाटेएवढी लांब. आंब्याच्या पेट्यांची फळी, सुमनच्या साड्यांच्या फॉलचा दोरा, माझ्या चष्म्याची मोडकी दांडी. मी चष्मा शोधतेय आणि हा म्हणतो, "वैनी, तुमची दांडी शिडात गेली." मी म्हटलं, "मेल्या, लोखंडाच्या बोटीला शीड कशाला?" तर म्हणे, "शीड न्हाई, डोलकाठी. तुमाला कळंल असं सांगितलं."

त्याचं माप सोपं होतं. काडेपेटीतल्या काडीचा गुलाकडचा तुकडा, नखाएवढा, म्हणजे एक माणूस. गुल म्हणजे डोकं. दार केलं की त्यातून तो तुकडा घालून बघायचा. गेला तर दार बरोबर. तळाची खोली केली तेव्हा त्यानं सगळे तुकडे आडवे ठेवले. मी विचारलं, "ही झोपलीत का?" म्हणाला, "न्हाई वैनी. कामावर हायेत. उभं ऱ्हायाला जागाच नव्हती काही ठिकाणी."

आणि विमानं? गोळ्यांच्या पाकिटांच्या चांदीची. त्यामुळं आजार वाढत गेला तशी विमानं वाढत गेली. शेवटी शेवटी ठेवायला जागा पुरेना.

तर आजार. छाती धरली, खोकला सुटला, दोन पावलांवर दम. माझी धाकटी जाऊ सुमन, ही समोर बसलीय, तिनं पहिल्यापासून एकच धरलं: ह्या लाकडाच्या भुशानं केलं. ती रोज म्हणायची, "बोट सोडा, न्हाईतर मला सोडा." त्यानं दोन्ही सोडलं नाही. आणि तो गेल्यापासून तिचं एकच चाललंय, की त्या लाकडापायी हा मला टाकून गेला.

आज सकाळी पिंड ठेवला. कावळा शिवेना. तुम्ही होतातच. दत्तूचा पोरगा पुढं झाला, म्हणाला, "आप्पा, बोट पुरी करतो." कावळा नाही. आळीतल्या मंडळाचे लोक म्हणाले, "काचेच्या पेटीत ठेवू." कावळा झाडावरनं मान वाकडी करून बघतोय. ऊन डोक्यावर आलं. मग सुमन उठली आणि ओरडली, "आज घरी जाऊन कुऱ्हाडीनं फोडते ती बोट. आता तरी व्हा मोकळं!"

आणि कावळा शिवला.

सगळ्यांनी हात जोडले. "बघा, हीच इच्छा होती त्याची." घरी कुऱ्हाड काढून ठेवलीय, मी येताना बघितली.

मंडळी, कावळा शिवला कारण त्याला भूक लागली होती. भातावर भजी होती. एवढा वेळ तुम्ही सगळे पिंडाला चिकटून उभे होतात, सुमन ओरडली तशी दचकून मागं सरलात. तेवढी वाट त्याला पुरली.

माझं ऐका. हे मी दत्तूला शब्द दिला होता म्हणून बोलले नव्हते. शब्द मोडतेय. त्यानं वर जाब विचारला तर देईन, आता फार दिवस राहिलेही नाहीत.

सुमनचा गुडघा धरला होता तेव्हा नगरच्या दवाखान्यात दत्तूबरोबर मी गेले होते. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला. म्हणाले, "आजोबा, तरुणपणी कुठं होतात कामाला?" ह्यानं सांगितलं. डॉक्टरांनी फोटो पुन्हा उजेडावर धरला. मग विचारलं, "वाफेच्या नळांवर पांढरं लिंपण असायचं का, ॲस्बेस्टॉसचं?"

दत्तू हसला. म्हणाला, "असायचं की. बोट हादरली की पिठावानी गळायचं. केसात, जेवणात. आमी एकमेकाला म्हातारा म्हणायचो."

डॉक्टर म्हणाले, "तेच आहे हे. लाकडाचं नाही. ते तेव्हाच आत जाऊन बसलंय." दत्तूनं विचारलं, लाकूडकाम सोडू का? डॉक्टर म्हणाले, "सोडलंत तरी तेच आणि धरलंत तरी तेच. तोंडाला फडकं बांधा आणि करा मन रमेल ते."

येताना रिक्षात तो म्हणाला, "वैनी, सुमनला बोलू नका."

"का रे? ती रोज त्या लाकडाला शिव्या देती."

"देऊ द्या. धाकट्या बोटीला बसल्या तर बसू द्या. लढाईतल्या थोरलीला नको."

"थोरलीनं खाल्लं की तुला!"

"तवा कुनालाच ठावं नव्हतं, वैनी. आमाला बी न्हाई, वरच्यांना बी न्हाई. आन ती बी भंगारात गेली. गेलेल्याला कशापायी नावं ठेवायची?"

मी म्हटलं, "दत्तू, बायकोपेक्षा बोटीची अब्रू मोठी झाली तुला." तो हसायला गेला आणि खोकला लागला. असा लागला, की रिक्षावाल्यानं रिक्षा कडेला घेतली, आणि त्याला काय करावं कळेना म्हणून तोही खाली उतरून उभा राहिला.

सुमन, खाली बघू नको. माझ्याकडं बघ.

तुला टाकून तो लाकडापाशी बसला नाही गं. तुझं लग्न झालं, तू माप ओलांडून आत आलीस, तेव्हाच ते त्याच्या छातीत होतं. तो आधीच गेलेला होता, आपल्याला उशिरा कळलं. तुझ्यापासून त्यानं हे लपवलं, ते चुकलं. मी त्याला तेव्हाही सांगितलं आणि आज दहा जणांसमोर सांगते. राग धर त्याचा. माझा धर. तो तुझा हक्क आहे.

आणि बोट तुझ्या घरात आहे, कुऱ्हाडही तुझी. मी आडवी येणार नाही, मंडळानं येऊ नये, पोरानं येऊ नये. फोडायची तर फोड. खाट अडते म्हणून फोड. डोळ्यांसमोर नको म्हणून फोड. पण तिनं माणूस मारला म्हणून फोडू नको. तिनं नाही मारला. आणि कावळ्याचं ऐकून तर मुळीच नको, तो आपल्या जातगोतातला नाही.

झालं माझं. पुढं अजून चार साहेबांची नावं आहेत म्हणतात. त्यांनी मोठं मन करावं आणि बसून राहावं.

आता सगळे उभे राहा. गुडघे दुखणाऱ्यांनी बसूनच चालेल. शेवटचे महिने दत्तूचा श्वास भिंतीपलीकडच्या घरात ऐकू यायचा. आता येत नाही. थोडा वेळ गप्प राहू. आणि त्या गप्प राहण्यात प्रत्येकानं एकदा छाती भरून श्वास घ्या, अगदी तळापर्यंत. त्याला पुष्कळ दिवस तो मिळाला नव्हता.

घ्या.