दादाची पेटी आणि बिनरंगाच्या करंद्या

नाही, पण मला एक सांगा, जेवणाच्या डब्याएवढ्या काचेच्या पेटीत कोळंबी सोडायची, म्हणजे काय लग्न जमवायचंय? पण नाही! तुम्हाला सांगतो, या आठवड्यात मी आईच्या शिव्या खाल्ल्या, दोन शर्ट भिजवले, पिंगटुंग शहरभर स्कूटर हाकली... आणि हे सगळं कोणामुळे? आमच्या दादामुळे! पेटी त्याची, आतली इवली इवली झाडं त्याची. चिमट्यानं एकेक लावायचा, श्वास रोखून. मी विचारायचो, ‘दादा, यात राहणार कोण?’ तर म्हणायचा, ‘पाणी मुरू दे रे आ-शुन, मग करंद्या आणू.’ कुठल्या आणू, ते नाही बोलला. आणि गेला. वळणावर एक ट्रक आला, आणि गेला. असं करतं का कोणी? अख्ख्या तैवानात असा भाऊ नसेल! माणसानं निदान कोळंबीचं नाव तरी सांगून जावं!

तेव्हापासून पेटी तशीच, झाडांवर केसांसारखं शेवाळ चढतंय. आई बघते आणि तोंड फिरवते. एक दिवस म्हणाली, ‘रविवारपर्यंत यात काहीतरी जिवंत आण, नाहीतर ओतून टाकते. रिकामं पाणी मला बघवत नाही.’ आणि आमची आई ओतते हो! दादाच्या चपला तिनं अशाच देऊन टाकल्या, मी आंघोळीला गेलो होतो तेवढ्यात.

म्हटलं, दादालाच विचारू. त्याच्या फोटोसमोर मी रोज विकतचा भात ठेवतो, आणि जेवून झालं का ते दोन नाणी टाकून विचारतो. एक छापा एक काटा, म्हणजे हो. दोन्ही काटे, म्हणजे नाही. दोन्ही छापे, म्हणजे तो हसतोय. हे सगळं माझ्याकडेच, कारण गेलेल्या लेकाचं आईनं काही करायचं नसतं आमच्यात. तर टाकली नाणी. ‘दादा, कुठली कोळंबी आणू?’ दोन्ही छापे. पुन्हा टाकली. दोन्ही छापे. दादा हसला!

बरं, मी काय अडाणी आहे का कोळंबीतला? मी कामालाच आहे कोळंबीच्या तळ्यावर! लोक येतात, पैसे भरून गळ टाकून बसतात, लागली की मी काडीला टोचून मिठात भाजून देतो. तिथली एक निवडली, गलेलठ्ठ, निळ्या नांग्यांची. आणून सोडली पेटीत. तुम्हाला सांगतो, पोराच्या टबात काका बसावा तशी बसली! शेपूट मावेना, मिशा बाहेर. आणि वळायला जागा नाही म्हणून चिडून दादाची झाडं उपटायला लागली हो, एकेक! मी दोन्ही हात घालून तिच्याशी कुस्ती खेळतोय, आणि आई दारातून विचारते, ‘लसूण सोलू का?’

तिला तळ्यावर नेऊन सोडली, झाडं परत लावली. नाणी टाकली. ‘दादा, मग कुठली?’ दादा हसला!

गेलो श्वे काकांच्या शोभेच्या माशांच्या दुकानात. पेट्याच पेट्या, मधे काका. ‘केवढी पेटी?’ ‘एवढी.’ ‘एवढीशी? मग ही जपानी नको. शेवाळाचा फडशा पाडते, पण बोटभर होते, आणि उडी मारून बाहेर पडते.’ म्हटलं, ‘काका, आमच्या घरातून आधीच एक जण न सांगता बाहेर पडलाय. उडी मारणारी नकोच.’ ‘बरं, ही पट्ट्यांची? नको, हिला गारवा लागतो. आपल्या उन्हात आज सोडलीस तर उद्या...’ काका थांबले. माझ्या बाहीला लावलेला सुतकाचा कापडी तुकडा त्यांना दिसला. घसा खाकरून म्हणाले, ‘ही चेरी ने. नखाएवढी, काटक, झाडांना धक्का नाही लावत. आणि पिल्लं घरच्या घरी. छोट्या पेटीला हीच.’

नेली! लग्नाच्या पाकिटासारखी लालभडक. आईनं पिशवी बघितली मात्र... ‘लाल? दारावरचे सणाचे लाल कागद मी नखांनी खरवडून काढले, आणि तू सुतकात लाल नाचवत आणतोस?’ ‘अगं, करंदी आहे ती, तिला काय कळतंय!’ ‘तिला नसेल कळत. तुला?’

नाणी टाकली. ‘आता कुठली रे?’ हसला! अरे, हसतोस काय!

परत दुकानात. काका म्हणतात, ‘अरे, करंदी निवडतोयस की नवरी?’ मी ओरडलो, ‘रंग नसलेली नाही का एखादी?’ तर मागच्या फडताळाखालून त्यांनी एक बादली ओढली. ‘या चेरीच, पण रंग धरला नाही म्हणून बाजूला काढल्या. कोणी घेत नाही. काचेसारख्या आहेत बघ, खाल्लेलं पोटात दिसतं.’

घरी आणल्या. रविवारच होता, आई पेटीशेजारी रिकामी बादली घेऊन उभी. मी घाईघाईनं नाणी काढली. ‘दादा, कुठली...’

‘थांब, ठोंब्या!’ आईनं नाणी हिसकावली. ‘कुठली, कुठली काय विचारतोस? दोन नाणी नाव कसं सांगतील? हो की नाही, ते विचारायचं असतं! हसेल नाहीतर काय तो!’ म्हटलं, ‘आई, तू नको, तुला चालत नाही...’ ‘गप बैस.’ फोटोसमोर उभी राहिली, शाळेला उशीर झालेल्या पोराला दटावावं तशी. ‘युआन-च्ये, या ठेवू का?’

एक छापा. एक काटा.

नाणी तिनं बराच वेळ उचललीच नाहीत.

आता विचारू नका! आई स्टूल टाकून दिवसभर पेटीसमोर. ‘याला मिळालं, तिला नाही मिळालं.’ ‘आ-शुन, आवाज कमी, जेवतायत.’ दादा गेल्यापासून आमची शेगडी पेटली नव्हती, मी तळ्यावरच काहीबाही खायचो. काल घरी आलो तर पातेल्यातून वाफ! धावत जाऊन झाकण उघडलं. आत पालकाचं एक पान. एक! करंद्यांसाठी.

काय करणार? पान काढून तिच्या हातात दिलं, त्याच पाण्यात शेवया टाकल्या, आणि एक वाटी तिच्यापुढे सरकवली. पेटीवरची नजर न हलवता सगळ्या खाल्ल्या तिनं. वर म्हणते, मीठ कमी आहे.