पडद्यामागच्या बायका

घरातल्या वस्तू वापरणाऱ्याच्या सोयीच्या कशा कराव्यात, यावर सारिकाने ‘सगळ्यांसाठी’ नावाचा माहितीपट केला होता. काल संध्याकाळी पारोळ्याजवळच्या एका गावात तो कापडी पडद्यावर दाखवून आज ती तोंडाला स्कार्फ बांधून धुळ्याच्या एसटीत बसली होती. मागच्या सीटवर त्याच गावच्या दोघी होत्या.

“काय व सविता, कालचा पिक्चर पाह्यला का? माझं तर येणं झालं नाही.”

“पाह्यला ना अक्का. पण पडद्याच्या मागून.”

“मागून कशाला?”

“समोर सासरे, जेठ बसेल व्हते. त्यांच्यापुढे कशी बसू? बठ्ठ्या सुना, एकूणएक, मागेच व्हत्या. माले तर वाटलं, पिक्चरमधल्या बठ्ठ्या बाया डावखुऱ्याच!”

“अन् सांगितलं काय त्याच्यात?”

“ओटा करा नाहीतर नळ बसवा, आधी वापरणारीले विचारा.”

“मग तुमाले नाही विचारलं त्या पिक्चरवाल्या बाईनं?”

“विचारलं ना. सुरू करताना म्हणे, दिसतंय ना सगळ्यांना? समोरची माणसं म्हणाली, दिसतंय. झालं सुरू.”

“बाई दिसायले कशी व्हती?”

“सावलीच दिसली, अक्का. आवाज गोड व्हता.”

“पिक्चरचं नाव काय?”

“उलटं व्हतं. कोण वाचील?”

एसटीला गचका बसला आणि सारिकाच्या मांडीवरचा पांढऱ्या कापडाचा मोठा गठ्ठा घसरला. सविता सीटवरून वाकली.

“ताई, केवढं ओझं मांडीवर! द्या इकडे, आमच्याजवळ जागा शे. काय शे त्याच्यात?”

सारिकाने गठ्ठा छातीशी ओढला.

“चादर,” ती आवाज बदलून म्हणाली.