पहिल्या नंबरची वांगी

अरे, दलालांना काय शिव्या देत बसलाय? माझं ऐका. डोंगरी गावच्या शेतकऱ्यांचा माल थेट सोसायट्यांना पोचवायचं काम मी नवीनच हातात घेतलं होतं. तिथल्या फिलोमिना मावशींना आठवडाभर एकच पढवत होतो: टोपलीत कोंबून भाजी खराब होते, क्रेट वापरा, पहिल्या नंबरचा माल वेगळा काढा, आणि मधे दलाल नको.

रविवारी इंद्रलोक सोसायटीच्या पहिल्या ऑर्डरची वांगी न्यायला गेलो, तर अंगणात फक्त दुसऱ्या नंबरचा क्रेट.

"मावशी, पहिला नंबर कुठाय?"

"चर्चमदी दिला. पयला माल देवाचा न्हाय काय?"

मी पळालो, मावशी मागोमाग. मिस्साची प्रार्थना संपून चर्चबाहेर अर्पणाच्या मालाचा लिलाव चाललेला, आणि आमचा निळा क्रेट मधोमध! इकडे इंद्रलोकच्या बायकांचे फोनवर फोन, "भैया, बैंगन कब आयेगा?" मी बोली लावली. मागून कुणीतरी चढवली. मी वाढवली, परत चढली. वळून बघतो तर मावशी!

"अहो, मी तुमचीच वांगी घेतोय!"

"माझी कुठं? आता देवाची हायत. देवाच्या मालाला कमी बोलतात काय?"

शेवटी बाजारभावाच्या तिप्पट देऊन क्रेट रिक्षात चढवला. वैतागून म्हटलं, "मावशी, काय शिकवलं होतं मी? मधे दलाल नको!"

मावशींनी शांतपणे क्रुसाची खूण केली.

"दलाल कुठं हाय? मदी देव हाय."