ऑगस्टपासून शून्य

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एकाच ऑफिसातल्या दोघी रिपोर्टची वाट बघत बसल्या होत्या.

"ताई, या वर्षाच्या बजेटची फाइल साहेबांनी गेल्या वर्षीच केली होती ना?"

"हो. प्रत्येक आकड्याशेजारी कारण लिहायचे. नुसता आकडा ठोकलेला त्यांना खपायचा नाही."

"मग मार्चपासून त्यांच्याच पगारापुढे शून्य कसं?"

"मार्चमध्ये अचानक वारलेच ना ते!"

"पण शून्य गेल्या वर्षीचंच आहे, हाताने टाइप केलेलं. शेजारी कारणही नाही."

"विसरले असतील गं."

"साहेब? आणि ताई, अजून एका पगारापुढे शून्य आहे. ऑगस्टपासून."

"अगं बाई! तिथे तरी कारण लिहिलंय?"

"लिहिलंय. 'तिला सांगू नका.'"

"तिला म्हणजे कोणाला?"

"ताई, तुम्हाला आत बोलावतायत."