लेकीच्या परीक्षेला दिलेलं डोकं

नाही, पण मी म्हणतो, माझं काम काय होतं? डोकं द्यायचं, बाकी काही नाही! खुर्चीत बसायचं, गळ्याभोवती टॉवेल घ्यायचा आणि गप्प राहायचं. तुम्हाला सांगतो, विजेचा खांबसुद्धा करेल असलं काम. आणि त्यात मी सगळ्या सान्तियागो शहरात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही…

झालं काय, आमची युडेल्का, धाकटी माझी, तिची केस रंगवायची परीक्षा. दोन वर्षं ती पोरगी दिवसा पार्लरात खाली पडलेले केस झाडतेय आणि संध्याकाळी क्लासला जातेय. पास झाली तर त्याच पार्लरात स्वतःची खुर्ची, नापास झाली तर आणखी वर्षभर झाडू. परीक्षेचा नियम असा, की डोकं ज्याने त्याने घरून आणायचं. म्हणजे आपलं तर असतंच, दुसऱ्याचं एक आणायचं. तिची मावशी येणार होती, पण तिला ऐन वेळी न्यूयॉर्कचा व्हिसा मिळाला. आता व्हिसा मिळाल्यावर भाचीच्या परीक्षेला कोण थांबतंय? मग युडेल्का माझ्याकडे वळली. "पप्पा, तुम्हीच चला. तुमच्या केसांना कधी काही लागलेलं नाही, या वयात एक पांढरा नाही."

तिथे मी गप्प बसलो. तिथेच चुकलं. कारण… आता तुमच्यापासून काय लपवायचं, अकरा वर्षं मी केसांना औषध लावतोय. दिसायला पाण्यासारखं, दर रविवारी चोळायचं, हळूहळू काळं होतं, कोणाला पत्ता लागत नाही. बाटली माझ्या पंक्चरच्या दुकानात, सोल्यूशनच्या डब्यांमागे. घरात कोणाला माहीत नाही, आणि वर मी गावभर मिरवतोय, "आमच्या घराण्यात केस पिकत नाहीत." डॉमिनो खेळताना आमचा फेयो, लहानपणापासूनचा दोस्त, आपल्या पांढऱ्या डोक्यावरून हात फिरवत विचारायचा, "एलिओदोरो, अरे तू खातोस तरी काय?" मी म्हणायचो, "मांगू. केळी उकडायची, कुस्करायची. पण कांदा वर्ज्य." बिचाऱ्याने चार महिने कांदा सोडला हो!

तर परीक्षेचा दिवस. मोठा हॉल, एका बाजूला आम्ही नऊ डोकी, समोरच्या भिंतीला केसांत रोल लावलेल्या बायका, प्रत्येकीच्या डोक्यावर केस वाळवायचं टोपलं, आणि त्या यंत्रांची घरघर अशी, की स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येऊ नये. कागद आला: "आधी काही रंग, औषध लावलं होतं का?" तिने मला विचारलंही नाही. स्वतःच "नाही" लिहिलं नि म्हणाली, "पप्पा, सही करा." केली. डोकं द्यायचं, बाकी काही नाही! मग कानामागची एक बट घेऊन रंग आधी तिच्यावर लावून बघायचा असतो, सगळ्या मुली तसं लावून बघत होत्या. शेजारची म्हणाली, "युडेल्का, तू नाही बघत?" तर ही म्हणते, "माझ्या पप्पांचं डोकं आहे. बघायचं काय?" तीच वेळ होती बोलायची. तरी बसलो गप्प.

कोणी कोणता रंग लावायचा त्याच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या, हिच्या चिठ्ठीत तपकिरी निघाला होता. तिने लावला, काय सुरेख हात चालत होता पोरीचा. पाच मिनिटांनी डोकं कोमट झालं, म्हटलं ऑगस्टचा उकाडा आहे. दहा मिनिटांनी चटके बसायला लागले, म्हटलं परीक्षेचं टेन्शन असेल. मग पलीकडच्या खुर्चीतली बाई माझ्याकडे वळून शांतपणे म्हणते, "अहो, तुमच्या डोक्यातून वाफ येतेय."

युडेल्काने धावत येऊन एक बट पुसली. हिरवी! कच्च्या केळ्याच्या सालीसारखी हिरवी. तोवर परीक्षक, दोन्या सुनिल्डा, दोन्या म्हणजे आमच्याकडे मानाचं 'बाई', चष्मा सावरत हजर. "पोरी, मिश्रण चुकलं तुझं."

"नाही हो मॅडम, मी मोजून घेतलं, दोनदा मोजलं…"

"मग डोकं काय आपोआप पेटलं?" आणि बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

पोरीचा चेहरा बघवेना मला. सांगा, काय करू? एकीकडे माझी अकरा वर्षं, दुसरीकडे तिच्या हातातला तो झाडू. मी बाईंना खुणेने जवळ बोलावलं, म्हटलं कानात सांगावं, मिटलं. तर त्या यंत्रांच्या घरघरीत त्यांना ऐकूच येईना. "काय?" म्हटलं, "औषध." "काय म्हणता?" शेवटी छातीत हवा भरली आणि बोंबललो, "अहो, अकरा वर्षं मी चोरून केस काळे करतोय!"

आणि "अकरा वर्षं"ला लाइट गेली.

आमच्याकडे लाइट दिवसातून चारदा जाते. त्या दिवशी सकाळपासून गेली नव्हती, माझ्यासाठी थांबली होती. सगळी यंत्रं एका दमात बंद, आणि त्या शांततेत माझा आवाज, तुम्हाला सांगतो, बाहेरच्या लिंबू-सरबतवाल्यापर्यंत गेला. टोपल्यांखालून एकेक मुंडकं बाहेर आलं. एक म्हणाली, "तरीच! आमच्या ह्यांचंही हेच असणार." आणि मग जो हशा पिकला… दोन्या सुनिल्डांनी चष्मा काढून डोळे पुसले. फक्त युडेल्का हसत नव्हती.

"पप्पा, म्हणजे… माझेही पिकणार?"

"पिकणार, बाळा."

"अहो, मी सगळ्या वर्गाला सांगून बसलेय!" आणि मग तीही फुटली, हसतेय का रडतेय कळेना.

दोन्या सुनिल्डा म्हणाल्या, "असल्या औषधावर रंग लावला की डोकं तापतं, केस हिरवे होतात. खोटं डोकं बोललं, हात नाही बोलले. पण बट बघितली नाहीस, त्याचे मार्क गेले. आता हे निस्तरून दाखव." लाइट नाही, नळाला पाणी नाही. पोरीने बादलीतल्या पाण्याने धुतलं, मला खिडकीत बसवलं आणि कात्रीने सगळं हिरवं उतरवलं. खाली काय उरलं? पांढरे खुंट. पास झाली! माझं डोकं गेलं, पण पोरगी पास झाली.

घरी बायकोने दार उघडलं, वर बघितलं नि म्हणाली, "चला, आता पांढरे अभ्रे घ्यायला हरकत नाही." अकरा वर्षं आमच्याकडे उशांना तपकिरी अभ्रे… मला वाटायचं, हिला तो रंग आवडतो! आणि फेयो दुकानात आला, टायरवर बसला. एवढंच म्हणाला, "कांदा, एलिओदोरो. चार महिने." आणि उठून गेला.

पंधरा दिवसांनी सर्टिफिकेट आणायला आम्ही दोघं बसने निघालो. गर्दी. मी दांडी धरून ताठ उभा, अकरा वर्षांची सवय. तर एक मुलगी उठते नि म्हणते, "बसा ना, आजोबा." मी मागे वळून बघितलं, म्हटलं, कोण आजोबा? मागे कोणी नाही. युडेल्का खिडकीबाहेर बघतेय, खांदे गदगद हलतायत. म्हटलं, खडसावून सांगावं त्या पोरीला, आजोबा कोणाला म्हणतेस…

बसलो हो. गुडघे अकरा वर्षं हेच सांगत होते.