जाऊबाईंचा ओटा

“सून माझी, पण यंत्र घेऊन आधी गेली माझ्या जावेकडे!” युरेनियम खाणीच्या दवाखान्यातल्या रांगेत सासूबाई शेजारणीला सांगत होत्या.

“कसलं यंत्र?”

“खाणीच्या टाकाऊ दगडातली किरणं मोजायचं. जावेचा ओटा त्याच दगडाचा. गुळगुळीत दगड सगळा तिनं उचलला, माझ्या वाट्याला विटा! तो ओटा दिसला की पोटात दुखतं माझ्या.”

“म्हणून दवाखान्यात आलात?”

“गुडघ्यासाठी आलेय!”

तेवढ्यात सून आली. “आई, काकूंचा ओटा उखडावा लागणार. तिथं यंत्र नुसतं कडकडत होतं. आपल्याकडे गप्प.”

“अगं, तिची नातवंडं दिवसभर तिथंच लोळतात!”

“म्हणून तर आधी तिकडे गेले.”

“त्यांना आपल्या ओट्यावर आण. आणि ऐक, आधी तिकडे गेलीस ते शहाणपणाचं केलंस. पण काकूला सांग, विटा मी निवडून घेतल्या होत्या!”